नॉर्मनच्या शनिवारच्या मराठी मंडळींना खुले पत्र

नॉर्मन, ओक्लाहोमा
१४ ऑक्टोबर २०२५

दादा, वहिनी, काका आणि आपल्या शनिवारच्या बैठकीतले सगळे,

स. न.

हे मी ग्रुपवर न टाकता पत्र म्हणून लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. डॅलस, ऑस्टिन, कोलंबस, जिथे जिथे आपली माणसं शनिवारी कॉलेज फुटबॉलसमोर बसतात, तिथे हेच बोललं जात असणार याची मला खात्री आहे.

परवाच्या शनिवारी आपण, म्हणजे आपला ओक्लाहोमा विद्यापीठाचा संघ, टेक्सस विद्यापीठाकडून २३-६ असे हरलो. आपला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू टाकणारा मुख्य खेळाडू, जॉन मटीरने तीन इंटरसेप्शन दिले, म्हणजे त्याचे तीन पास समोरच्यांनीच पकडले. चेंडू टाकायच्या हाताची शस्त्रक्रिया होऊन त्याला जेमतेम सतरा दिवस झाले होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला, मिशिगनला हरवलं तेव्हा, याच बैठकीत त्याला हाइझमन ट्रॉफी, कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची, देऊन झाली होती. शनिवारी मात्र तिसऱ्या इंटरसेप्शननंतर कोणीतरी म्हणालं, "हा पण रॅटलरच निघाला." सगळे हसले. मीही हसले.

माझा मुलगा तेव्हा मिसळीची वाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याने वाटी ओट्यावर ठेवली आणि मॅच संपेपर्यंत आमच्या गाडीत जाऊन बसला. घरी परतताना बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, रॅटलर ही आता शिवी आहे का?"

मला उत्तर देता आलं नाही. तीन दिवस मी ते उत्तर शोधते आहे आणि जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवते आहे.

आपण काय पाहिलं आणि काय विसरलो, ते आधी एकदा नीट मांडू द्या. स्पेन्सर रॅटलर, आपला आधीचा क्वार्टरबॅक, फीनिक्सचा. २०१९ मध्ये शाळा संपवून इथे आला तेव्हा पाच तारेवाला होता, त्या वर्षीच्या क्वार्टरबॅकांमध्ये देशात सर्वांत वरच्या नावांपैकी एक. हे तारे कसे मिळतात ते आपल्याकडे नव्याने आलेल्यांना सांगते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचे शाळेतल्या मॅचचे व्हिडिओ पाहून आणि उन्हाळी शिबिरांत त्यांचा थ्रो पाहून काही वेबसाइटी त्यांना तारे देतात. शिबिरात हेल्मेट नसतं, अंगावर धावून येणारं कोणी नसतं. मुलगा टी-शर्ट घालून चेंडू टाकतो आणि बाजूला माणसं नोंदी करत उभी असतात. रॅटलरचा हात खरोखरच विलक्षण होता. धावता धावता, तोल गेलेला असताना, नुसत्या मनगटाच्या झटक्याने तो चाळीस-पन्नास यार्ड चेंडू टाकायचा. शाळेच्या शेवटच्या वर्षी तर एका माहितीपट मालिकेचे कॅमेरे त्याच्या मागे होते. त्यातलं त्याचं सतरा-अठराव्या वर्षीचं बोलणं लोकांनी इतकं धरून ठेवलं, की सहा वर्षांनी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, वेळीही त्याला त्याबद्दल विचारत होते. आपल्यापैकी कोणाचं अठराव्या वर्षीचं बोलणं कोणी जपून ठेवलेलं नाही, हे आपलं भाग्य.

आणि तो कोणाच्या जागी आला? बेकर मेफील्ड, २०१७ चा हाइझमन, पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये पहिला. कायलर मरे, २०१८ चा हाइझमन, तोही ड्राफ्टमध्ये पहिला. मग जेलन हर्ट्स, २०१९ मध्ये हाइझमनला दुसरा. स्टेडियमच्या पूर्वेला हाइझमनवाल्यांचे पुतळे आहेत, आपण पाहुण्यांना तिथे फोटो काढायला नेतो. रॅटलरचा पुतळा कुठे बसेल याची चर्चा तो एकही मॅच सुरुवातीपासून खेळायच्या आधी आपल्या जेवणाच्या टेबलावर झालेली आहे. मला ती आठवते, कारण जागा मीच सुचवली होती.

२०२० मध्ये त्याने सुरुवात केली. लागोपाठ दोन मॅच हरलो, कॅन्सस स्टेट आणि आयोवा स्टेट. टेक्ससविरुद्ध त्याला मध्येच बाहेर बसवलं, पुन्हा आत घेतलं आणि चार ओव्हरटाइमनंतर आपण ५३-४५ जिंकलो. तिथून सलग आठ विजय, बिग ट्वेल्व्ह या आपल्या तेव्हाच्या गटाचं विजेतेपद आणि शेवटी कॉटन बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात फ्लोरिडावर ५५-२०. त्या वर्षी त्याचे २८ टचडाउन, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या रेषेपार पोचलेले पास, आणि ७ इंटरसेप्शन होते. वीस वर्षांचा, पहिल्यांदाच जबाबदारी घेतलेला, कोविडच्या वर्षात बहुतांशी रिकाम्या गॅलऱ्यांसमोर खेळणारा मुलगा होता तो. याला जर कोणी अपयश म्हणत असेल तर माझं पुढचं वाचू नये.

मग २०२१. हंगामाआधीच हाइझमनचा सर्वांत मोठा दावेदार म्हणून त्याचं नाव, आणि आपला संघ देशात दुसरा. आता ज्या गोष्टीकडे आपण तेव्हा पाहिलंच नाही ती सांगते. त्या उन्हाळ्यात आपला सेंटर क्रीड हम्फ्री गेला होता, कॅन्सस सिटीच्या एनएफएल संघात. सेंटर म्हणजे नुसता चेंडू मागे देणारा माणूस नव्हे. समोरून कोण धावून येणार हे ओळखून तो बाकीच्या चौघांना ओरडून सांगतो. तो गेला आणि पुढची भिंत, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारे पाच जण, सैल झाली. रमांड्रे स्टीव्हन्सन गेला, म्हणजे चेंडू हातात घेऊन धडका मारणारा गडीही गेला. आणि समोरच्या संघांनी आयोवा स्टेटचा डाव उचलला. फक्त तिघांना पुढे पाठवायचं आणि आठ जणांना मागे उभं करायचं. आठ माणसं मागे असली की लांबचा चेंडू टाकायला जागाच उरत नाही. मग पाच यार्ड, सहा यार्ड, चार यार्ड असे तुकडे जोडत जावं लागतं, आणि मधूनच दबाव आला की सैल भिंतीमागे दीड सेकंदही मिळत नाही. ज्या मुलाचं सगळं कौतुक लांबच्या चेंडूसाठी झालं होतं, त्याला रोज भाकरी थापल्यासारखं एकसारखं काम करायचं होतं. त्याने ते पुष्कळसं केलंही. त्या हंगामात त्याचे जवळजवळ पंचाहत्तर टक्के पास पूर्ण झाले. पण आपल्याला कंटाळा आला. मला आठवतं, "काय हे बारीक बारीक" असं आपणच म्हणत होतो.

२५ सप्टेंबर २०२१, वेस्ट व्हर्जिनिया. संध्याकाळची मॅच होती. आपल्यातली सहा-सात जणं स्टेडियमवर होती, बाकीचे आम्ही टीव्हीसमोर. आपण तोवर एकही मॅच हरलो नव्हतो. पहिल्या हाफमध्ये एक इंटरसेप्शन गेला आणि विद्यार्थ्यांच्या बाजूने घोषणा उठली, "वी वॉन्ट केलेब!" केलेब विल्यम्स म्हणजे बाकावर बसलेला नवा मुलगा, पहिल्या वर्षाचा. टीव्हीवर ती घोषणा स्वच्छ ऐकू येत होती. आणि आपल्या दिवाणखान्यात आपणही ती दिली. टाळ्यांच्या ठेक्यावर, गणपतीच्या आरतीला वाजवतो तशा. माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. माझ्या मांडीला खेटून बसून तोही ओरडत होता, कारण आई ओरडत होती.

त्या रात्री रॅटलरने ३६ पैकी २६ पास पूर्ण केले. शेवटच्या मिनिटांत त्यानेच संघाला पुढे नेलं, गेब ब्रकिचने शेवटच्या क्षणाला लाथ मारून चेंडू खांबांमधून पाठवला, फील्ड गोल केला आणि आपण १६-१३ जिंकलो. आपल्याच मैदानात, आपलेच लाल कपडे घातलेल्या लोकांनी नाकारलेल्या मुलाने आपल्याला मॅच जिंकून दिली. आपण काय म्हणालो? "सुटलो." आणि जेवायला बसलो.

दोन आठवड्यांनी डॅलस. स्टेट फेअरच्या आवारातलं कॉटन बोल नावाचं स्टेडियम, अर्धं लाल, अर्धं नारिंगी. पहिल्याच डावाला टेक्ससने पंचाहत्तर यार्डांचं टचडाउन केलं. मग आपला पंट, म्हणजे लाथेने लांब पाठवायचा चेंडू, अडवला गेला आणि लगेच दुसरं. या १४ गुणांत रॅटलरचा काही हात नव्हता, पण कोणीतरी "काढा त्याला" म्हटलंच. पहिला क्वार्टर संपताना २८-७. पुढे त्याने चुका केल्या, त्या मी लपवत नाही. एक इंटरसेप्शन, एकदा चेंडू हातातून सुटला. त्याला बाहेर काढलं, केलेब आला, आणि पुढे जे झालं ते आपण सगळ्यांनी सोफ्यावर उभं राहून पाहिलं. एकवीस गुणांची पिछाडी भरून ५५-४८. या दोन संघांच्या शंभरहून अधिक वर्षांच्या वैरात इतकी मोठी पिछाडी कोणी भरून काढली नव्हती. त्या दिवसाचं कौतुक केलेबचं होतं आणि ते त्याने कमावलं होतं.

पण त्यातला एक क्षण तुमच्यापैकी कोणाला आठवतो का, हे मी शनिवारनंतर तिघांना फोन करून विचारलं. एकालाही आठवला नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये आपण ४१-३९ असे मागे होतो. बरोबरीसाठी, टचडाउननंतर मिळणाऱ्या जादा संधीत, दोन गुणांचा प्रयत्न करायचा होता. त्या एका चेंडूसाठी रॅटलर आत आला. दोन तास बाजूला उभा होता, हात गार पडलेला, सगळा देश त्याला काढल्याची चर्चा करत होता. तो आला, चेंडू घेतला, ड्रेक स्टूप्सला पास दिला. ४१-४१. आणि पुन्हा बाहेर जाऊन उभा राहिला.

माझ्या मुलाने जेव्हा विचारलं, रॅटलर ही शिवी आहे का, तेव्हा मला हे सांगता यायला हवं होतं. मला आठवलंच नाही. जुना व्हिडिओ काढून पाहिला तेव्हा आठवलं.

आता त्या एका शब्दाबद्दल, जो आपण सारखा वापरतो. "प्रॉमिस." "एवढं प्रॉमिस होतं, पण काही केलं नाही." मराठीत आपण म्हणतो, अपेक्षाभंग केला. मला विचारायचं आहे, वचन दिलं कोणी होतं? १९९३ मध्ये नोत्र दामला रॉन पॉवलस नावाचा क्वार्टरबॅक आला. बीनो कुक नावाच्या टीव्हीवरच्या समालोचकाने जाहीर केलं की हा पोरगा दोनदा हाइझमन जिंकेल. दोनदा! पोराने तोवर कॉलेजात एक चेंडू टाकलेला नव्हता. पहिल्या हंगामाच्या तोंडावरच त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. पुढची चार वर्षं तो खेळला आणि जाताना विद्यापीठाचे पासिंगचे विक्रम त्याच्या नावावर होते. तरीही आजवर त्याचं नाव निघतं ते ‘हाइझमन न जिंकलेला’ म्हणून. वचन समालोचकाने दिलं आणि फेडायचं पॉवलसने.

माझं काम हवामानाच्या अंदाजाचं आहे, तुम्हाला माहीत आहे. या गावात ते काम करणारे पुष्कळ आहोत. आम्ही संध्याकाळी चारला वादळ सांगतो आणि कधी कधी आभाळ स्वच्छ राहतं. तेव्हा दुसऱ्या दिवशी आम्ही बसून आमचं मॉडेल तपासतो, कुठे ओलावा जास्त धरला, कुठे वरच्या थरातला उबदार पट्टा लक्षात घेतला नाही. ढगाने फसवलं असं माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत कोणी म्हटलेलं नाही. मग शनिवारी हीच मी, पाच तारे देणाऱ्यांचा अंदाज चुकला की एका वीस वर्षांच्या मुलाला खोटं का पाडते?

"आता ते पैसे घेतात, मग ऐकून घ्यावं," असं काका दर वेळी म्हणतात. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमवायची मुभा मिळाली, म्हणजे रॅटलरचा तो हंगाम आणि ती मुभा एकत्रच आली. काका, त्या आधीही आपण असंच बोलत होतो. पैसे आल्यावर आपल्याला फक्त सबब मिळाली. आणि समजा पैशाचा हिशेब मांडायचा असेल, तर तो ज्याने दिला त्याने मांडावा. आपण तिकीट काढतो ते मॅच पाहायचं.

पुढचं सगळ्यांना थोडंफार ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस आपले मुख्य प्रशिक्षक लिंकन रायली रातोरात कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाकडे गेले, केलेब त्यांच्या मागोमाग गेला, तिथे हाइझमन जिंकला आणि २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. रॅटलर साउथ कॅरोलायनाला गेला, शेन बीमर यांच्याकडे, जे आधी इथेच सहायक प्रशिक्षक होते. तिथे गेल्यावर सगळं सुरळीत झालं असं नाही. १२ नोव्हेंबर २०२२ ला ते फ्लोरिडाकडून ३८-६ हरले. पुढच्या शनिवारी त्यांच्यासमोर पाचव्या क्रमांकाचं टेनेसी होतं. रॅटलरने ४३८ यार्ड आणि सहा टचडाउन टाकले, ६३-३८. त्याच्या पुढच्या शनिवारी क्लेमसनला, क्लेमसनच्याच मैदानात, ३१-३०. त्या मैदानात क्लेमसन सलग चाळीस मॅच हरलं नव्हतं. मधल्या काळात त्याचा हात बदलला नव्हता. तो तोच मुलगा होता, ज्याला आपण चौदा महिन्यांपूर्वी नको म्हटलं होतं. २०२३ च्या पहिल्याच मॅचमध्ये नॉर्थ कॅरोलायनाने त्याला आणि त्याच्या मोडकळलेल्या भिंतीला नऊ वेळा लोळवलं, तेव्हाही तो उठून पुढचा चेंडू घेत होता.

ड्राफ्टमध्ये तो पाचव्या फेरीत, १५० वा गेला. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले, सगळे पहिल्याच फेरीत. न्यू ऑर्लिन्सच्या एनएफएल संघाकडून त्याने सुरुवातीपासून खेळलेल्या पहिल्या दहा मॅच तो हरला. दहा. अकरावी गेल्या ५ ऑक्टोबरला, न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध, २६-१४ जिंकला. आपल्या ग्रुपवर त्या दिवशी कोजागरीच्या दुधात जायफळ किती घालायचं याची चर्चा होती. त्यात गैर काही नाही. पण ज्याच्या हरण्यावर आपण इतकी वर्षं बोललो, त्याच्या जिंकण्याची ओळही कोणी टाकली नाही, मीसुद्धा नाही.

मुंबईहून आलेल्यांना तर हे नवीन नाही. आझाद मैदानावर १४ वर्षांच्या पृथ्वी शॉने ५४६ धावा केल्या तेव्हा आपण त्याला कोणाच्या शेजारी नेऊन बसवलं होतं, आणि २०२४ च्या आयपीएल लिलावात त्याच्यावर कोणी बोली लावली नाही तेव्हा आपण काय बोललो, ते आठवून पाहा. राजकोटला पहिल्याच कसोटीत त्याने केलेल्या १३४ धावा त्या गप्पांत कोणी काढल्या नाहीत.

आता माझ्या घरचं. आठवीत माझा मुलगा क्वार्टरबॅक होता. तुम्ही सगळ्यांनी त्याचं भरभरून कौतुक केलंत, आणि ते मनापासून होतं हे मी जाणते. वहिनींनी त्याच्या वाढदिवसाला चेंडूच्या आकाराचा केक केला होता. "पहिला मराठी क्वार्टरबॅक," असं दादा सगळ्यांना सांगायचे. तो लाजायचा आणि त्याला आवडायचंही. यंदा शाळेत त्याच्यापेक्षा उंच, त्याच्यापेक्षा जोरात चेंडू टाकणारी दोन मुलं आहेत. तो तिसरा आहे. दर शुक्रवारी रात्री तो बाजूला उभा राहून कानात इयरफोन लावल्यासारखा एकाग्र होऊन प्रशिक्षकांच्या खुणा बघतो, आणि मॅच संपल्यावर सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या गोळा करतो. प्रशिक्षकांचा निर्णय योग्य आहे, मला खेळ तेवढा कळतो. तोही तक्रार करत नाही.

पण ऑगस्टपासून तो शनिवारी यायला टाळत होता. अभ्यास आहे, पोट दुखतंय. मला वाटलं वय आहे. या शनिवारी मी आग्रहाने आणला. दारात शिरताच काकांनी विचारलं, "काय मग, सुरुवात करतोयस की नाही अजून?" प्रेमाने विचारलं. तो हसला. आणि तासाभराने ते वाक्य आलं, हा पण रॅटलरच निघाला.

मी कोणाला गप्प बसा असं सांगत नाही. चुकीच्या पासला चुकीचा म्हणू या. आठ जण मागे उभे असताना मध्ये चेंडू घुसवला तर ओरडू या, मीच सगळ्यांत आधी ओरडेन. प्रशिक्षकांवर चिडू या, त्यांच्या चुका मोजायला तर मला आवडतं. फक्त तीन गोष्टी मी आपल्या बैठकीत पुन्हा ऐकू इच्छित नाही. एखाद्या मुलाचं आडनाव शिवीसारखं वापरणं. आपल्याच संघाच्या मुलाला "काढा त्याला" म्हणून टाळ्या वाजवणं. आणि आपल्या घरातल्या शाळकरी पोरांना, खेळणाऱ्या आणि न खेळणाऱ्या, दारातच त्यांची जागा विचारणं. त्यांना विचारायचंच असेल तर विचारा, कालच्या मॅचमध्ये काय पाहिलंस. माझा मुलगा बाजूला उभा राहून जे पाहतो ते आपल्यापैकी कोणाला दिसत नाही. मटीरचा हात तिसऱ्या क्वार्टरमध्ये चेंडू सोडताना खाली येतो आहे, हे त्याने गाडीत बसायच्या आधीच ओळखलं होतं. आपण त्याला विचारलं नाही.

येत्या शनिवारी आपली मॅच साउथ कॅरोलायनाशी आहे, कोलंबियाला, त्यांच्या मैदानात. ज्या मैदानात रॅटलरने टेनेसीला सहा टचडाउन टाकले, तेच. त्या दिवशी धनत्रयोदशी आहे. दिवे आणि पणत्या वहिनींकडे आहेतच, चकली आणि अनारसे मी घेऊन येईन, चिवडा कोणीतरी करा, माझा गेल्या वर्षी नरम पडला होता.

येशील का, असं मुलाला मी अजून विचारलेलं नाही. तुमचं उत्तर आलं की विचारीन.

तुमचीच,
शनिवारच्या बैठकीतली एक